मास्तरांची डावी बाजू

आमचे हे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. खरं म्हणजे आम्ही दोघं चालवतो, पण पाटीवर नाव त्यांचं आणि गावात ओळखही त्यांचीच. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून चारचौघांत मीही मास्तरच म्हणते. घरात 'अहो', आणि डोकं फिरलं की 'ऐकू येतंय का'. पुरुषांना ते शिकवतात, बायका बहुतेक माझ्या वाट्याला येतात. निम्म्या गावाला आम्ही क्लच सोडायला शिकवलंय. आणि एवढ्या काळात मास्तरांच्या हातून कुणाला धक्का लागला नाही की गाडीला ओरखडा गेला नाही. हे ते स्वतःच इतक्यांदा सांगतात की मला पाठ झालंय.

शेजारच्या देशात सुट्टीला जायचं खूळ त्यांचंच. सीमेपलीकडे डोंगर आहेत, तळी आहेत, रस्ते असे की पोटातलं पाणी हलत नाही, भाड्याची गाडी घेऊ, मी चालवीन. मी म्हटलं, सुट्टीतसुद्धा गाडीच? बाकीची माणसं सुट्टीत गाडीतून उतरतात हो. पण ऐकतील तर ते मास्तर कसले. त्यात माझ्या थोरल्या नणंदबाई बरोबर. आक्कांचा भावावर भारी जीव आणि माझ्यावर भारी लक्ष. मी भावाला दोन घास कमी वाढले की त्यांना लगेच दिसतं.

तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. आता गंमत बघा. आमच्या गाडीत शिकणारा उजवीकडे बसतो आणि शिकवणारा डावीकडे. शिकवणाऱ्याच्या पायाशी जादाचा ब्रेक आणि क्लच असतो. म्हणजे मास्तरांचा सगळा जन्म डाव्या सीटवर गेलेला, आणि नेमकं तिथेच आता स्टिअरिंग आलं. पहिल्या सिग्नलला दिवा हिरवा झाला, तरी मास्तर स्वस्थ. माझ्याकडे वळून म्हणतात, "चल, सोड हळूहळू क्लच."

"अहो, माझ्यासमोर नुसता खण आहे," मी म्हटलं. "काय सोडू? खणाचं झाकण?"

आक्का मागच्या सीटवर हसून हसून आडव्या झाल्या. मास्तरही हसले, कान लाल करून. तेवढ्यात दिवा पुन्हा लाल झाला. मागे गाड्यांची ही रांग लागलेली, आणि एकानंही हॉर्न वाजवला नव्हता. आमच्याकडे असतं तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

पुढे कळलं की तिकडे हॉर्न वाजवतच नाहीत. आम्ही डोंगरावरच्या एका गावात, एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर खोल्या घेतल्या होत्या. घरमालकीणबाईंना तोडकंमोडकं इंग्रजी यायचं, मला त्याहून तोडकं. त्यांनी समजावलं, की हॉर्न म्हणजे समोरच्याच्या तोंडावर ओरडणं. कुणी मरायला टेकला असेल तरच. आक्का म्हणाल्या, "मग ही माणसं एकमेकांना सांगतात तरी कसं, की मी आलो म्हणून?" बाई म्हणाल्या, "सांगायचं कशाला? बघायचं."

बाकी तऱ्हा तर विचारूच नका. दुकानं भर दुपारी बंद. भाव करायचा नाही. खानावळीत खाऊन झालं की आपलं ताट आपणच नेऊन ठेवायचं. मास्तर तसेच उठून चालू लागले, तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एक शब्द न बोलता त्यांचं ताट उचलून ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गरम पाण्याचा नळ आपल्या थंडच्या जागी. आक्कांनी पहिल्याच सकाळी हात पोळून घेतला आणि त्या देशाच्या नावानं बोटं मोडली. बसमध्ये मोठ्यानं बोलायचं नाही, अनोळखी माणसाला 'तुम्ही कुठले' विचारायचं नाही. आक्कांचा तर श्वासच कोंडला. त्या दोन दिवसांत माझ्याशी जेवढं बोलल्या तेवढं लग्नापासून बोलल्या नव्हत्या.

आणि मास्तर धडपडत होते. वळायला गेले की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू. गिअर टाकायला गेले की डावा हात दारावर आपटायचा. हे कुणाचंही होईल. पण एकदा उभ्या टेम्पोला आरसा घासला. घरमालकीणबाईंच्या फाटकाच्या खांबाला गाडीची कड लागली. पायी चालतानाही दुकानाबाहेरच्या पाटीवर खांदा आपटला. प्रत्येक वेळी आम्ही तिघंही एकच म्हणायचो, परका मुलूख, सगळंच उलटं, सवय व्हायला वेळ लागणार. मीच सगळ्यांत जास्त म्हणायचे. माणसाला जे ऐकायचं असतं ते तो आधी स्वतःच म्हणून टाकतो, तशातली गत.

मग ती रंगारीण आली.

उतारावरचं छोटं बाजारगाव. ऊन छान पडलेलं. मास्तर सावकाश चालवत होते, आक्का मागे शेंगा सोलत होत्या. पुढे पांढऱ्या पट्ट्यांचं क्रॉसिंग होतं आणि त्यावरून एक बाई सायकल हातात धरून चालली होती. डोक्याला फडकं, अंगात रंगाचे डाग पडलेला डगला, हँडलला रंगाचा डबा लटकवलेला. ती डावीकडच्या फुटपाथवरून उतरली होती आणि आमच्याकडे न बघता चालली होती. तिकडे कुणी बघतच नाही. पट्ट्यांवर पाय ठेवला की गाड्या थांबणारच, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नसते. मला ती कितीतरी आधीपासून दिसत होती. म्हणून मी काही बोलले नाही. एवढी भर रस्त्यातली बाई, कुणालाही दिसेल.

मास्तर थांबले नाहीत.

मी "अहो!" म्हणून किंचाळले आणि माझा पाय नसलेल्या ब्रेकवर खाडकन आपटला. त्यांनीही ब्रेक दाबला, पण उशिरा. सायकलचं पुढचं चाक बंपरला लागून वाकलं. डबा उडाला आणि पांढरा रंग सगळ्या रस्त्यावर, आमच्या गाडीवर, तिच्या पायांवर सांडला. ती बाई तेवढी वाचली. सायकल सोडून मागे सरली म्हणून वाचली.

मी वाट बघत होते आरडाओरड्याची. आता माणसं गोळा होतील, कुणीतरी बॉनेटवर हात आपटेल, कुणीतरी मास्तरांची कॉलर धरेल. काही नाही. दुकानदार दारात येऊन उभे राहिले, मागच्या गाड्या थांबल्या, आणि सगळं कसं चिडीचूप. त्या शांततेची मला जेवढी भीती वाटली तेवढी मार खाण्याची वाटली नसती.

"घंटी नाही, हॉर्न नाही, आणि आली मध्ये कडमडायला," आक्का मागून फणकारल्या.

"एकदम आली," मास्तर म्हणाले. "कुठून आली काय माहीत. एकदम."

ती एकदम आली नव्हती. ती अर्धा रस्ता ओलांडून आली होती.

ती बाई मास्तरांच्या खिडकीशी आली. काच खाली होती. दारावर हात ठेवून उभी राहिली, त्यांच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर. आणि मास्तर समोर बघत बसले होते. तिनं तोंड उघडून काहीतरी विचारलं तेव्हा ते असे दचकले की डोकं वर आपटलं. ती जरा थांबली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्यांना सोडून तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मी समजू शकले असते. राग नव्हता. जणू ती विचारत होती, बाई, तुला माहीत आहे ना?

नुकसानीचं काही द्यायला गेलो तर तिनं मान हलवली. वाकलेली सायकल खांद्यावर घेतली आणि पांढरी पावलं उमटवत निघून गेली. मास्तरांनी गाडी सुरू केली. परतीच्या सबंध रस्त्यात ते त्या देशातल्या पादचाऱ्यांना नावं ठेवत होते, आक्का री ओढत होत्या, आणि मी गप्प. मी गप्प बसले की घरातल्यांना घाम फुटतो, पण त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आंघोळीला गेल्या होत्या. आम्ही दोघं खालच्या खोलीत न्याहारीला बसलो. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची घेतली. मास्तर समोर खिडकीबाहेर बघत पावाला लोणी लावत होते. मी वाकुली दाखवली. चांगली जीभ बाहेर काढून, डोळे तिरळे करून. मी असं कधी केलं की ते आयुष्यभर फसकन हसत आलेत. एकदा तर माझ्या वडिलांच्या समोर हसले होते आणि वडिलांना वाटलं जावई त्यांनाच हसतोय.

मास्तर लोणी लावत राहिले.

मी तशीच बसले, जीभ बाहेर काढून, पन्नाशी उलटलेली बाई. घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि माझं थोबाड बघून दारातच थबकल्या. मी जीभ आत घेतली.

बाई चहा ठेवून गेल्यावर मी विचारलं, "डाव्या डोळ्यानं दिसेनासं कधीपासून झालंय?"

लोण्याची सुरी थांबली. ते माझ्याकडे वळले. नुसते डोळे नाहीत, सगळं डोकं वळवलं. कितीतरी महिने ते असेच वळत असणार, आणि मी म्हणत होते की मान आखडली असेल, शेक घ्या.

"थंडीपासून," ते म्हणाले. "आधी कडेकडेचं धूसर व्हायचं. आता काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, आतली नस सुकलीय. गेलेलं परत येत नाही."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगून काय केलं असतंस? शाळेला कुलूप लावलं असतंस."

"लावलंच असतं!"

"म्हणून नाही सांगितलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, थंडीपासून आजवर किती माणसं बसली तुमच्या शेजारी! ज्यांना ब्रेक कुठला न् क्लच कुठला कळत नाही अशी माणसं. त्यांना वाटतं, मास्तर आहेत ना बाजूला, मास्तर बघतील. काय बघत होतात तुम्ही?"

"आपल्याकडे काही अडत नाही गं," ते म्हणाले, आणि हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं की मला धडकीच भरली. "डावीकडून कुणी घुसायला लागला की हॉर्न देतोच ना. रिक्षा देते, बस देते, सायकलवाला घंटी देतो. नाही तर ओरडतो. कान आहेत मला. मागून कुठली गाडी येतेय ते न बघता सांगतो मी. तिकडे मला कधी काही झालं? एक ओरखडा तरी? इथे हे लोक मुक्यासारखे चालवतात, त्याला मी काय करू? एकदा आपल्या रस्त्याला लागलो की सगळं नीट होईल."

हेच तर. घरी परत गेल्यावर सगळं नीट दिसणार होतं. मास्तरांना नव्हे, मला. पुन्हा ते ऐटीत गाडी चालवणार, पुन्हा मी म्हणणार, आमच्या मास्तरांचा हात म्हणजे हात. आणि एखाद्या दिवशी डावीकडून कुणीतरी येणार, ज्याच्याकडे हॉर्नही नाही आणि घंटीही नाही. एखादं पोर चेंडूच्या मागे येणार. मला तो चेंडू दिसायला लागला.

मी टेबलावरची चावी उचलली. "ही गाडी तुम्ही आता घाट उतरवायची नाही."

"मग कोण उतरवणार? परदेशात चालवायचा परवाना फक्त माझ्याकडे आहे. तू पकडली गेलीस तर इथल्या तुरुंगात लोणी-पाव खात बसशील."

"मी पण नाही चालवणार. बसनं जाऊ."

एवढ्यात आक्का आल्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळून. काय झालं ते त्यांना सांगावं लागलंच. त्यांनी आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नेहमीप्रमाणे माझ्यावरच घसरल्या.

"माझ्या भावाला आंधळा म्हणतेस? सगळं गाव ज्याच्या हाताखाली शिकलं त्याला? एक सायकल काय लागली, तर लगेच नवऱ्याला निकालात काढलंस? तुला शाळा स्वतःच्या नावावर करायची असेल!"

"आक्का, त्यांनाच विचारा."

"बाळ, सांग हिला. सांग की दिसतं म्हणून."

मास्तर लोणी लावलेल्या पावाकडे बघत म्हणाले, "दिसतं गं आक्का. थोडा त्रास आहे. ही उगाच बाऊ करते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दोन मिनिटांपूर्वी माझ्यापाशी कबूल केलेला माणूस बहिणीसमोर सरळ फिरला. मला त्यांची चीड आली आणि तितकीच कीवही आली. पण चावी मी दिली नाही. मी ती घरमालकीणबाईंच्या हातात नेऊन ठेवली आणि मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की गाडीच्या कंपनीला फोन करा, गाडी इथून घेऊन जा म्हणावं. बाईंनी का म्हणून विचारलं नाही. तिकडे विचारत नाहीत. त्यांनी फक्त चावी एप्रनच्या खिशात टाकली आणि वर हात ठेवला.

बसमध्ये मास्तर माझ्याशेजारी बसले नाहीत. आक्का आणि ते पुढे, मी मागे. घाट उतरताना मला त्यांचा माथा दिसत होता. प्रत्येक वळणाला ते सगळं डोकं फिरवून दरीकडे बघत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे, जणू काही शोधतायत. मी मनात म्हटलं, रुसा. रुसा लागेल तेवढं. जिवंत माणसंच रुसतात.

सीमेच्या आमच्या बाजूला आमची शाळेची गाडी उभी होती. गॅरेजवाला मिस्त्री आमच्या घरच्यासारखाच. तो आम्हाला घ्यायला गाडी घेऊन आला होता आणि त्याचं स्वतःचं काम असल्यानं तिथूनच दुसरीकडे जाणार होता. त्यानं सवयीनं चावी मास्तरांच्या हातात दिली. मी हात पुढे केला तोवर मास्तर उजव्या दारापाशी पोचले होते.

"अहो."

"हा माझा रस्ता आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "इथे मला शिकवू नकोस."

मिस्त्री बघत होता. आक्का मागे बसून सामान लावत होत्या. मी काय करायला हवं होतं? भर रस्त्यात चावीसाठी झोंबाझोंबी? मी डावीकडे शिकवणाऱ्याच्या जागेवर बसले आणि दुसरा ब्रेक पायाखाली आहे ना ते चाचपून बघितलं. तो ब्रेक होता म्हणूनच बसले, नाही तर गाडीसमोर आडवी झाले असते.

आणि मास्तरांनी गाडी काय चालवली म्हणून सांगू! हॉर्न, घंट्या, शिव्या, टेम्पोच्या मागची गाणी, त्या सगळ्या कल्लोळात ते असे शिरले की बघत राहावं. डावीकडून रिक्षा पीं करून घुसली, यांनी न बघता केसभर जागा दिली. बसनं भोंगा दिला, हे कडेला झाले. गल्लीच्या तोंडाशी एका पोरानं सायकलची घंटी वाजवली आणि ब्रेक आधी त्यांचा लागला, माझा पाय नंतर पोचला. त्यांचा चेहरा उजळला होता. आक्का मागून म्हणाल्या, "बघ! बघितलंस? म्हणे दिसत नाही!"

मी बघत होते. मला क्षणभर, खरं सांगते, वाटलं की आपलंच चुकलं. राहू दे. कोण कुणाला सांगायला जातंय? परक्या मुलखात झालं ते परक्या मुलखात राहिलं. इतकं छान वाटलं असतं तसं समजून.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गाडीतल्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला. आमच्या इस्पितळातल्या एक नर्सबाई होत्या. त्यांची मुलगी पुढच्या आठवड्यापासून शिकायला येणार होती.

"आलात का परत? छान झाली ना सहल? एवढंच विचारायचं होतं, माझ्या लेकीला मास्तर स्वतःच शिकवणार ना? तुमच्याबद्दल काही नाही हं ताई, पण ती जरा भित्री आहे. मास्तर शेजारी असले की मला घोर नाही. डोळे मिटून पाठवते बघा."

मास्तर समोर बघत होते. स्टिअरिंगवरचे हात जरा घट्ट झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी बोलायच्या आत स्वतःच मोठ्यानं म्हणाले, "हो हो, पाठवा. मीच आहे."

"नाही," मी म्हटलं.

"काय म्हणालात?" नर्सबाईंनी विचारलं.

"मास्तर आता शिकवणार नाहीत," मी म्हटलं. "त्यांना एका डोळ्यानं दिसत नाही. गेल्या थंडीपासून नाही. मुलीला माझ्याकडे पाठवा, नाही तर दुसरीकडे पाठवा. आणि तुमच्या ओळखीतलं कुणी आमच्याकडे येणार असेल तर त्यांनाही सांगा."

मग त्या "बरं ताई" म्हणाल्या आणि फोन ठेवला. इस्पितळातल्या नर्सबाई. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात जाणार, हे मला माहीत होतं आणि यांनाही. माझ्या नवऱ्याचं नाव मी माझ्या तोंडानं पुसून टाकलं होतं, आणि ते माझ्या हाताच्या अंतरावर बसून ऐकत होते.

ते थोडा वेळ तसेच चालवत राहिले. मग इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, मान पूर्ण वळवून डावीकडे बघितलं, आणि गाडी एका टायरच्या दुकानासमोर कडेला घेतली. शिकणाऱ्यांना दाखवतात तशी, फुटपाथला अगदी समांतर. गिअर काढला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मला वाटलं आता बोलतील. एवढ्या वर्षांत हात उचलला नाही, पण आज काय करतील सांगता येत नव्हतं.

"बाळ," आक्का मागून म्हणाल्या. आवाजात जोर राहिला नव्हता. "खरं आहे का रे?"

"खरं आहे आक्का," ते म्हणाले. "आणि उजवाही जातोय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तोही?" मी विचारलं.

"तसंच, कडेकडेनं. डॉक्टर म्हणाले, थोपवायला थेंब देतो, पण भरवसा धरू नका. काय बघायचं असेल ते बघून घ्या म्हणाले." ते हातांकडे बघत होते. "म्हणून म्हटलं, डोंगर बघू. स्वतः गाडी चालवत जाऊन बघू. तुला सांगितलं असतं तर तू सगळा वेळ माझ्याच तोंडाकडे बघत बसली असतीस."

आक्का पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आणि मी? मी त्यांना अर्ध्या सहलीतून खाली आणलं होतं. चावी काढून घेतली होती. बसमध्ये ते दोन्ही बाजूंना डोकं फिरवत होते ते रुसून नव्हे. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण धरला असता तर मी हमसाहमशी रडले असते, आणि कुणीतरी एकानं तर गाडी चालवायला हवी होती.

मी माझं दार उघडून उतरले आणि गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेले. ते उतरले. चावी त्यांनी माझ्या हातात दिली नाही, तशीच गाडीत राहू दिली. मग गाडीच्या कडेला हात लावत लावत पलीकडे गेले आणि डावीकडे बसले, त्यांच्या रोजच्या जागी. मी सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला आणला.

मी गाडी रस्त्याला लावल्यावर त्यांनी सगळं तोंड खिडकीकडे वळवलं, पार खांद्यापर्यंत, उजवा डोळा काचेशी नेऊन. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. टायरची दुकानं, लोखंडाची वखार, भिंतीवरच्या जाहिराती, धुळीत बसलेलं एक कुत्रं.

"सावकाश चालव," ते म्हणाले. "बघू दे."

मी घरापर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.